खुर्चीला लाथ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — खरं तर सुरुवात तिच्यापासूनच झाली. मग आज तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. थकलोय, एवढंच म्हणा.

किन्हीराजात मला संत्रीवाले म्हणतात. त्याआधी माझी उमेदीची वर्षं वाशीमला गेली, गोऱ्या मालकांच्या कापूस कंपनीत. चिमटीत कापूस ओढायचा, धागा पाहायचा, प्रत सांगायची. कोट, टोपी, टेबल, डोक्यावर पंखा. पंचेचाळिशी उलटल्यावर गावी आलो आणि शेतात उतरलो. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायला शिकलो. पहिल्या खेपेचे बहुतेक डोळे वाळले, लोक हसले. पुढच्या साली एका सकाळी पाहतो तर बांधलेल्या जागी हिरवं टोक. मी बांधावर बसून रडलो. इतक्या वर्षांच्या पगारानं कधी असं झालं नव्हतं. ते सुख खरं होतं, आजही आहे. खोटं आहे ते वेगळंच.

गावाला वाटतं, मी नोकरीवर थुंकून आलो. बायकोला मीच तसं सांगितलं होतं — राजीनामा गोऱ्याच्या तोंडावर फेकला म्हणून. स्वराज्य नवंनवं होतं. तिनं विहिरीवर सांगितलं, तिथून गावभर झालं. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे झडत्या म्हणतात, कुणाची चेष्टा, कुणाचं कौतुक. त्या साली माझ्यावर निघाली —

खुर्ची रे खुर्ची, गोऱ्याची खुर्ची,
लाथ मारून आला भाऊ, जशी तिखट मिर्ची!

हर हर महादेवाचा गजर झाला. मी नुसता हसलो. तेव्हाच थांबवता आलं असतं, नाही का?

आणि मग विष्णू आला. माझा भाचा, आसेगावच्या बहिणीचा मुलगा. अकोल्याच्या एका गिरणीत कारकून होता, दोन लेकरं पदरात. बांधावर माझ्याशेजारी बसून बराच वेळ रोपं पाहत राहिला.

"मामा, नोकरी सोडतानी तुमाले भेव नाही लागलं काय?"

"नाही," मी म्हणालो.

खरं सांगू? माझी बोटं बधिर होत चालली होती. प्रत चुकत होती, माझ्या हाताखालचे गालात हसत होते. एक दिवस साहेबानं बोलावून, मान वर न करता, उद्यापासून येऊ नका म्हटलं. आणि मी — मी हात जोडले. टेबल नको, पंखा नको, फाटकावर पहारेकरी म्हणून तरी ठेवा म्हटलं. हो, म्हटलं मी तसं. त्यानं घंटी वाजवून शिपायाला बोलावलं, मला बाहेर न्यायला.

विष्णूला हे सांगितलं असतं तर? तो नोकरीवर राहिला असता. बस, एवढंच. पण त्याच्या डोळ्यांत मी जो कुणी होतो, तो मला फार आवडला होता.

महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली. आसेगावच्या शेतात विहीर खणली, खाली काळा पाषाण लागला. आणलेली रोपं उन्हाळ्यात जळाली. मग कर्जापायी बैलजोडी गेली. परत गिरणीत गेला तेव्हा टेबलावर दुसरा बसला होता. विष्णू आता तिथंच पाठीवर कापसाच्या गठाणी वाहतो.

माझ्या बागेला पहिला बहर आला, त्या साली तो भेटायला आला. फळाकडे बघत म्हणाला, "मामा, तुमची छाती मोठी. माह्यंच काळीज लहान निंगालं."

आम्ही दोघंच होतो. सांगायला काय लागलं असतं? मी त्याच्या पिशवीत संत्री भरली, पोरांना दे म्हटलं.

या पोळ्याला तो किन्हीराजालाच आला. स्वतःची जोडी उरली नाही, म्हणून माझ्या बैलांची वेसण धरायला. तोरणाखाली झडत्या सुरू झाल्या. आपल्या पाळीला विष्णूनं मान वर केली आणि ती खुर्चीची झडती म्हटली, सगळ्यांहून मोठ्या आवाजात. म्हणताना माझ्याकडे पाहत होता, अभिमानानं.

लोकांनी हर हर महादेव म्हटलं. मीही म्हटलं.