टाच मोजणारा हिरामण

हिरामण गेल्याचे वृत्त मला तहसील कचेरीबाहेर, माझ्या अर्जलेखनाच्या टेबलावर मिळाले. हातातील वाक्य मी पुरे केले. माझी वाक्ये शेवटपर्यंत ऐकणारा तो एकच मित्र होता... असे मी तेव्हा समजत होतो.

करंजाड्याची जमीन सरकारी संपादनात गेल्यावर तो हाडांची घनता मोजणारे यंत्र घेऊन मोफत शिबिरांतून हिंडू लागला. यंत्र जेमतेम पाटाएवढे. टाचेला गार मलम लावून पाऊल आत ठेवले, की हाड किती भरीव आहे याचा आकडा छापून येई. "काय रं हिरामन, चपलेचा माप घेतस?" बाया विचारीत. "चपला मंग घे, आये. आधी पाय तं टिकूं दे," तो म्हणे.

कामोठ्याच्या शिबिरात त्याने माझ्या पत्नीची टाच मोजली. कागदावर 'टी-स्कोअर', पुढे आडवी रेघ, पुढे २.८. आमच्या अर्जात 'विषय' या शब्दापुढे रेघ असतेच. तिला उणे समजण्याचे मला कारण नव्हते. रांगेतील सर्वांस ऐकू जाईल असे मी वाचले, "दोन पूर्णांक आठ. उत्तम." हिरामणने तिची टाच पुसली आणि म्हणाला, "भाऊसाहेब म्हनतान तसाच."

त्यानंतर कित्येक वर्षे तो माझ्या टेबलाशी चहा घेई आणि विचारी, "वयनी बरी हाय ना?" मी सांगे, "तिची हाडे दगडासारखी आहेत." तो मान डोलावी.

त्याच्या तेराव्याला त्याची पत्नी माझ्या पत्नीच्या गळ्यात पडून म्हणाली, "वयनी, आता डाक्टरकडं तुमाला कोन नेल?"

परतताना रिक्षात मी विचारले, "कोणता डॉक्टर?"

"हाडांचा. ते उणे होतं. हाडं ठिसूळ झालीत, असं भावजींनी दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं. मी भजनाला म्हणून जायचे ना, ते त्यांच्याबरोबर तिकडे."

"आणि मला?"

"तुम्ही मोठ्यानं वाचलं होतं ना."

त्याच्यामुळे ती आज धडपणे चालते, हे मी न्यायबुद्धीने नमूद करतो. परंतु 'भाऊसाहेब, चुकलात' हे दोन शब्द मला पेलणार नाहीत, हे त्याने परस्पर ठरविले. सर्व जगाच्या तक्रारी मी लिहिल्या. ही कोणाकडे दाखल करावी?

हल्ली अर्ज लिहून झाला की मी तो पक्षकाराला वाचून दाखवतो. तो म्हणतो, "बराबर हाय, भाऊसाहेब." मी पेन खाली ठेवतो आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो.