अस्वलाबरोबरची पंगत

मे महिन्यात पुण्याहून माझी नणंद कर्नाटकात आमच्या रामनगरला आली ती सहा वर्षांच्या मुलीला आणि एक बेत घेऊन. दांडेलीच्या रस्त्याला घसरगुंड्या आणि पाण्याची कारंजी असलेली एक बाग नवीन झाली होती. तिथं दुपारी जंगलातले प्राणी पाहुण्यांबरोबर जेवतात, अशी जाहिरात होती. म्हणजे माणसं प्राण्यांची सोंगं घालून टेबलाटेबलापाशी येतात, मुलांना कुरवाळतात, फोटो काढू देतात. नणंदेनं पुण्यातूनच मोबाइलवर आम्हा पाच जणांच्या जागा धरून ठेवल्या होत्या.

याचं कारण भाचीचं जेवण. मुलगी गोड, बोलकी, पण ताट समोर आलं की तिचं पोट दुखायला लागायचं. मोबाइल लावल्याशिवाय घास आत जायचा नाही, आणि मोबाइल लावला की घास गालातच राहायचा. तो गिळायची आठवण नणंदेनं करून द्यायची. तिच्या एका मैत्रिणीचा मुलगा परदेशात कुठल्याशा बागेत अशाच एका उंदराशेजारी बसून सगळं ताट चाटूनपुसून जेवला होता. तेव्हापासून नणंदेच्या डोक्यात हे बसलं होतं.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्तींना, हे समजावून सांगताना माझी दमछाक झाली.

"अस्वल आमच्यासंगं जेवणार?"

"खरं न्हवं आत्ती. माणूस असतंय आत."

"मग माणूस म्हणूनच जेवायला काय झालं त्याला?"

शेवटी आत्ती म्हणाल्या, "जेवायलाच बोलवलंय तर मी येतो की." आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो'च म्हणतात. भाची दर वेळी त्याला खुदकन हसते.

जेवायला जायचं तर रिकाम्या हातानं कसं, म्हणून आत्तींनी परसातला फणस फोडला आणि स्टीलचा मोठा डबा भरून गरे घेतले. नणंद म्हणाली, "आई, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत." आत्तींनी डबा पदराखाली घेतला आणि विषय संपवला. पण फणस काही पदराखाली लपत नाही. गाडीत बसल्यावर पाच मिनिटांत आम्ही सगळे फणस झालो. माझ्या नवऱ्यानं मुकाट्यानं काचा खाली केल्या.

वाटेत भाचीनं विचारलं, "आजी, तू खरं अस्वल बघितलंयस?"

"बघितलंय म्हंजे! ह्यो तुझा मामा पोटात होता तवा. रानात मुरगलं, आमसुलाची फळं, काढाय गेलतो. पाठीमागनं फुसफुस ऐकू आलं. बघतोय तर हे एवढं काळं धूड." आत्तींनी गाडीत मावतील तेवढे हात पसरले. "अस्वल पाठीमागनं आलं तर पळायचं न्हाई. मोठ्यानं वरडायचं आणि हातात असंल ते आपटायचं. मी कळशी आपटली. गेलं की पळून."

भाचीनं हे नीट ऐकून घेतलं. आम्हीही ऐकलं, पण कुणी त्यातून धडा घेतला नाही.

बागेतलं जेवणघर पत्र्याच्या छपराचं, पण आतून वेलींनी आणि प्लास्टिकच्या पानांनी सजवलेलं होतं. खऱ्या रानाच्या मधोमध हे खोट्या पानांचं रान. गर्दी बरीच होती, सगळी बाहेरची. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. ताटं आली. पुऱ्या, पनीर, नूडल्स, गुलाबजाम आणि अगदी एका बाजूला वाटीभर भात. भाचीनं ताटाकडं बघून पोट धरलं. "अस्वल आल्यावर जेवीन," ती म्हणाली.

आधी वाघ आला. तो घाईत होता. मग मोठ्या चोचीचा धनेश पक्षी आला. त्याची चोच नवऱ्याच्या कानाला लागली. मी रामनगरात ब्लाउज शिवते, त्यामुळं मला प्राण्यापेक्षा त्याची शिवण आधी दिसते. वाघाचे पट्टे पाठीच्या जोडावर जुळत नव्हते आणि धनेशाची एक बाही उलटी लावलेली होती. हे मी नवऱ्याला सांगत होते, तेवढ्यात अस्वल आलं, आणि ते पाठीमागून आलं.

त्याचा काही दोष नव्हता. मुलांना हसवायला हळूच मागून येऊन मोठ्या माणसाच्या खांद्यावर पंजे ठेवायचे, असं त्याला शिकवलेलं असणार. त्यानं पंजे आत्तींच्या खांद्यावर ठेवले.

आत्ती ओरडल्या, ते "आई गं" वगैरे नाही. रानात ओरडतात तसं, पोटातून, लांबलचक. आणि वळून हातातला डबा अस्वलाच्या नाकावर आपटला. झाकण उडालं. गरे टेबलावर, खुर्चीवर आणि थोडे अस्वलाच्या छातीच्या केसात. अख्खं जेवणघर शांत झालं, आणि त्या शांततेत फणसाचा वास सावकाश सगळीकडं पोचला.

नणंदेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी उठून माफी मागायला लागले. पण अस्वल हललं नाही. त्यानं छातीवरचा एक गरा दोन पंजात धरला, आत्तींकडं वाकलं आणि आतून दबका आवाज आला, "मावशी, बरका हाय का कापा?"

आत्तींचा हात छातीवरच होता. पण फणसाचा प्रश्न फणसाच्या जागी. "कापा, करकरीत," त्या म्हणाल्या. "परसातला. तू कुठला रे?"

"नंदिगद्द्याकडला."

"जेवलास?"

अस्वलानं मोठं डोकं नकारार्थी हलवलं. सकाळपासून आत होतो, तो म्हणाला. सगळी पंगत उठल्यावर त्यांचं जेवण. आत्तींचा चेहरा बदलला. आपण ताटावर बसलोय आणि शेजारी एक माणूस उपाशी उभा राहून आपल्याला हसवतोय, हे त्यांच्या कल्पनेत बसेना. त्यांनी टेबलावरचा एक चांगला गरा उचलला, बी काढली आणि अस्वलाच्या दातांमागं जी काळी जाळी होती तिच्या फटीतून आत सरकवला. आतून चावल्याचा आवाज आला.

भाचीचे डोळे मोठे झाले. "मम्मा! हे खरंच खातं!"

तिचा आवाज चांगला खणखणीत आहे. वाघानं काही खाल्लं नव्हतं, धनेशानं नुसती चोच हलवली होती, आणि हे अस्वल खरोखर खात होतं! बाकीच्या टेबलांवरची पोरं उठली. प्रत्येकाच्या हातात काही ना काही. कुणी पुरी, कुणी नूडल्स, एकानं तर अख्खा गुलाबजाम. जाळीच्या फटीतून सगळं आत जाऊ लागलं. अस्वल आधी मान हलवत राहिलं, मग मागं सरकलं, मग दोन्ही पंजे हवेत फिरवू लागलं. मुलांना वाटलं, नाचतंय. पालक फोटो काढत होते.

"गुदमरतंय ते," मी म्हणाले. आत्तींनी त्याचा एक पंजा धरला, मी दुसरा, आणि आम्ही त्याला हात धुवायच्या जागेकडं ओढत नेलं. डोकं मानेला चेनीनं जोडलेलं होतं आणि चेनीत केस अडकले होते. ब्लाउजच्या चेनी सोडवण्यात माझी वीस वर्षं गेलीत. पदराची पिन काढून केस बाजूला केले आणि डोकं वर उचललं.

आत पन्नाशीचा एक माणूस होता. पांढऱ्या मिशा, सगळं तोंड घामानं निथळलेलं, आणि मिशीत नूडल्स. तो नळाखाली वाकून पाणी प्यायला, खोकला, पुन्हा प्यायला. आत्ती त्याच्या पाठीवरून, म्हणजे अस्वलाच्या पाठीवरून, हात फिरवत होत्या.

भाची आमच्या मागून आली होती, हे आम्हाला कळलंच नाही. तिनं मुंडकं नसलेल्या अस्वलातून वर आलेलं म्हाताऱ्याचं डोकं बघितलं आणि ती वळून जेवणघरात धावली.

"अस्वलानं आजोबांना खाल्लं! आजोबा आत आहेत! डोकं बाहेर आलंय!"

पुढची दोन मिनिटं मला क्रमानं आठवत नाहीत. खुर्च्या पडल्या. बरीच पोरं एकदम रडायला लागली. वाघ मदतीला धावला, त्यामुळं रडणं वाढलं. बागेचा व्यवस्थापक, तिकडं धारवाडकडचा एक तरुण गृहस्थ, कन्नडमध्ये "डोकं घाला, डोकं घाला" म्हणत धावत आला. कारण मुलांसमोर डोकं काढायचं नाही हा तिथला पहिला नियम. त्यानं डोकं उचललं. आत्तींनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि काखेत धरलं.

"इवरिगे मोदलु ऊट कोडी," त्या म्हणाल्या. यांना आधी जेवायला द्या. आत्ती कन्नड बोलतात तेव्हा त्यांचा आवाज आपोआप तहसीलदारासारखा होतो. "भुका माणूस आमच्याम्होरं नाचवताय व्हय? ह्येच्या घासाचं पाप आमास्नी लावताय?" हे मराठीत. व्यवस्थापकाला दोन्ही कळलं.

तो अस्वलाचा माणूस मात्र शहाणा. तो तसाच, अंगानं अस्वल आणि मानेवर माणूस, जेवणघराच्या मधोमध जाऊन जमिनीवर बसला. मोठ्यानं म्हणाला, "बाळांनो, मला कुणी खाल्लं न्हाई. मीच ह्येच्यात शिरलोय. थंडी लई हाय न्हवं, म्हणून."

मे महिना होता. एक मोठा मुलगा फिस्सकन हसला, मग दुसरा. एक लहान मुलगी पुढं आली आणि तिनं त्याच्या पोटाला बोट लावून बघितलं. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. आत्तींनी त्याला आमच्या टेबलाशी आणलं, खुर्चीत बसवलं आणि माझ्या नवऱ्याचं ताट त्याच्यापुढं सरकवलं. नवऱ्यानं हात मागं घेतला. तो पुरी उचलायच्या बेतात होता.

माणसानं पंजे काढले, हात धुतले आणि भात-आमटी मागवली. एक वाटी, दुसरी, तिसरी. तो भुकेला माणूस जेवतो तसा जेवत होता. कुणाला हसवत नव्हता, कुणाकडं बघत नव्हता. भाची त्याच्या शेजारी बसली. त्यानं आमटी कालवली की तिनं कालवली. त्यानं घास घेतला की तिनं घेतला. नणंद मोबाइल बाहेर काढत होती, मी तिचा हात दाबला. अर्धी वाटी भात गेल्यावर भाचीनं विचारलं, "आजोबा, तुमचं पोट दुखत नाही?"

"न जेवल्यावर दुखतंय गे," तो म्हणाला.

परतताना गाडीत वाद झाला. एवढा खर्च करून यायच्या लायकीचं हे नव्हतंच, असं नणंदेचं मत. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मला कुठं काय मिळालं, मी कसं सांगू. आत्ती म्हणाल्या, आमटीत मीठ जास्त होतं, पण माणूस बरा होता, उळवीच्या जत्रेत त्याच्या भावाचं दुकान असतंय, फेब्रुवारीत जाऊन येऊ. भाची झोपली होती. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हणाले असते, सोंगाबरोबर जेवायला एवढं लांब जाऊ नये, पण सोंग उतरल्यावर जे जेवण झालं त्यासाठी मी पुन्हा जाईन. पुण्याला गेल्यावर नणंदेचा फोन आला. मुलगी जेवते आता, पण शेजारी कुणीतरी खरोखर जेवायला बसलेलं लागतं. उभ्यानं खाल्लेलं चालत नाही. नणंदेला दोन्ही वेळा मांडी घालून जेवावं लागतं, आणि तिचे ब्लाउज आवळायला लागलेत. मापं पाठवली आहेत.

आठवड्याभरानं बागेचा व्यवस्थापक स्वतः, अस्वलाच्या माणसाकडून पत्ता घेऊन, घराला लागून असलेल्या माझ्या दुकानात आला. मला वाटलं, भांडायला आला. त्यानं गोणी उघडली आणि अस्वलाचं डोकं काढून शिलाई मशिनवर ठेवलं. आत वारा जाईल असं काही करता येईल का, त्यानं विचारलं. शिवाय चेन बदलायची होती. प्राण्यांचं जेवण आता पंगतीच्या आधी होतं, हेही त्यानं जाता जाता सांगितलं, आमची तहसीलदारीण घरी आहे का हे बघून.

डोकं आठ दिवस माझ्याकडं होतं. मी जबड्याखालचा स्पंज कापून काढला, मागं केसांच्या आडून दोन मोठ्या खिडक्या केल्या, मच्छरदाणीची जाळी लावली. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका आधी ते डोकं भिंतीकडं तोंड करून ठेवायच्या आणि मगच पदर काढायच्या.

न्यायला तो माणूसच आला. मी त्याला स्टुलावर बसवलं, डोकं घातलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते तसं सांगितलं, हात वर करा, वाका, आता मान फिरवा. त्यानं सगळं केलं. मग उठायच्या ऐवजी तसाच बसून राहिला.

"का हो, टोचतंय का कुठं?"

"न्हाई गे," आतून आवाज आला. "पंखा चालू हाय न्हवं तुझा? वारा गळ्यापत्तूर येतोय. जरा बसतो."

मी पंखा एक घर वाढवला आणि दुसऱ्या ब्लाउजच्या बाह्या कापायला घेतल्या.