बाईंची कॉपी

मुलुंडच्या बाईंना माणसाचा तळहात आधी दिसायचा, चेहरा नंतर. उभा जन्म शाळेत परीक्षेला पहारा देण्यात गेलेला. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा दारातच म्हणाल्या, "हात दाखव बघू." नेमका माझ्या हातावर पेनाने त्यांचाच पत्ता लिहिलेला. "कॉपी!" म्हणत त्यांनी मला आत घेतलं आणि सोलकढी पाजली.

निरोगी म्हाताऱ्या माणसांचा मेंदू वयानुसार कसा बदलतो, यावर आमचं संशोधन वर्षानुवर्षं चालतं. त्याच माणसांकडे दर वर्षी जायचं, काही शब्द वाचून दाखवायचे आणि थोड्या वेळाने त्यातले किती आठवतात ते विचारायचं. बाई याला वार्षिक परीक्षा म्हणत आणि त्या दिवशी कडक इस्त्रीची साडी नेसत. "आमच्या ताईनं शेवटी मलाच ओळखलं नाही गं," त्या एकदा म्हणाल्या. "माझं तसं नाही व्हायचं. सगळ्या सोसायटीत सांगितलंय मी, माझा मेंदू टेस्टेड आहे!"

आणि खरंच, दर वर्षी बाईंना आधीपेक्षा जास्त शब्द आठवत. ऑफिसात आम्ही त्यांचं भारी कौतुक करायचो. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

मग एका वर्षी शब्द बदलले. मी नवे शब्द वाचले, जरा वेळाने विचारलं, आणि बाईंनी डोळे मिटून, मान डोलवत ओवीच्या चालीवर सुरू केलं, "खिडकीत कंदील, गं बाई, चिंचेखाली मामा..." सगळे जुने शब्द. माझं पेन हलत नाही हे बघून त्या थांबल्या. नव्यातला एकही त्यांना सांगता येईना.

"पहिल्याच वर्षी ओवी बांधली," त्या खाली बघत म्हणाल्या. "रोज कणीक मळताना म्हणते. चुकले तर काढून टाकाल, असं वाटलं. याच्यासाठी पोरांना वर्गाबाहेर काढलं गं मी. आणि आता मीच..."

"बाई, यात पास-नापास नसतं. विसरायला झालं तर तेच आम्हाला कळायला हवं असतं."

"मग हे आधी नाही सांगायचं?"

सांगितलं होतं, पण पहिल्या वर्षी संमतीपत्रावर सही घेताना, घाईघाईत, पुस्तकी भाषेत. मलाच मान वर करवेना.

"आधीचे मार्क खोडून टाक," बाई म्हणाल्या. मग अगदी हळू विचारलं, "ताईसारखं सुरू झालंय का गो माझं?"

डॉक्टरांना दाखवू या, एवढंच मला सुचलं.

त्यानंतर ओवी बंद झाली. बाई दर वर्षी आठवेल तेवढंच सांगत, आणि ते कमी कमी होत गेलं. ताईचं नाव गेलं, शाळेचं गेलं.

परवा गेले तेव्हा त्यांनी मलाही ओळखलं नाही. परीक्षा घ्यायची नव्हतीच, मी नुसती भेटायला गेले होते. सवयीने पर्समधून पेन काढलं मात्र, बाईंचा चेहरा पडला. त्यांनी घाईने दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडे धरले. आमच्या परीक्षेने दिलेली लाज तेवढी त्या विसरल्या नव्हत्या.

"बघा ना," त्या मला म्हणाल्या, "मी कॉपी नाही केली, बाई."