सुटलेल्या पासचं कारण

कोचने प्रश्न ओंकारला विचारला होता. उत्तर त्याच्या वडिलांनी, घाटगे साहेबांनी दिलं.

"आवडता विषय? मॅथ्स. पहिल्यापासून हुशार आहे त्यात."

कोच हसून पुन्हा ओंकारकडे वळला. "सकाळी प्रॅक्टिसला स्वतः उठतोस?"

"मी उठवतो," घाटगे साहेब म्हणाले.

दोह्याच्या अल गराफा भागातल्या त्यांच्या घरी हॉलमध्ये आम्ही बसलो होतो. ओंकार सोफ्याच्या टोकावर, इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर, मान खाली. मी अमेरिकेच्या कॉलेजातून आलेल्या त्या कोचच्या शेजारी बसून मनातल्या मनात कपाळावर हात मारत होते. या मुलाची शिफारस मीच केली होती.

मी दोह्यात एका स्पोर्ट्स ट्रेनिंग सेंटरमध्ये व्हिडिओ अॅनालिस्ट आहे. मॅचचं रेकॉर्डिंग बघायचं, खेळाडू कुठे चुकतो, कुठे चमकतो ते काढायचं, हे माझं काम. आखातातल्या शाळांमधून कोणी अमेरिकेच्या कॉलेजात खेळू इच्छित असेल, तर तिथले कोच आमच्याकडून त्याचं इव्हॅल्युएशन मागवतात. इतक्या लांबून ते प्रत्येक मॅचला येऊ शकत नाहीत.

ओंकार अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होता. खेळायचा फुटबॉल, म्हणजे अमेरिकनांचा, लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. त्यात तो वाइड रिसीव्हर. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की ठरलेल्या वाटेने सुसाट पळायचं आणि लांबून फेकलेला पास झेलायचा. पास फेकणारा तो क्वार्टरबॅक. ओंकारला कॉलेजातही हेच खेळायचं होतं. या कोचकडे रिसीव्हरची एकच जागा उरली होती, आणि दुसऱ्या कुठल्याही कॉलेजने त्याच्यात रस दाखवला नव्हता. इथून नाही म्हटलं, की इंजिनिअरिंगला पुणे, आणि हेल्मेट माळ्यावर.

घाटगे साहेबांनी मला आधी हायलाइट टेप पाठवली होती. त्यात ओंकार एकामागून एक अप्रतिम झेल घेतो, मागे ढोल वाजतो. मी म्हटलं, "साहेब, लग्नाच्या अल्बमवरून संसार कळत नाही. पूर्ण मॅचेस पाठवा."

त्या बघितल्या. वेग मध्यम. हात उत्तम. दिलेली वाट रेघ मारल्यासारखी नीट धावतो. आणि मैदानात सतत बोलतो. प्रत्येक चालीनंतर क्वार्टरबॅकला हातवारे करून काहीतरी सांगत असतो. मी रिपोर्टमध्ये ते ठळक लिहिलं, कारण कोचना असे रिसीव्हर हवे असतात. समोरचा बचाव कसा उभा आहे हे त्यांनाच सगळ्यात जवळून दिसतं. एका मोठ्या मॅचमध्ये त्याच्या हातातून सोपा पास सुटला होता. तोही भाग मी जोडला.

कोच दुसऱ्या कामाने दोह्यात आला, तेव्हा म्हणाला, मुलाच्या घरी जाऊन भेटू. अमेरिकेत ही पद्धतच आहे. पण घाटगे कोल्हापूरचे. घरी येऊन मुलाला बघणार म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात एकच कार्यक्रम आला. पडदे धुतले गेले. ओंकारला ताकीद मिळाली: विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तर बाबा बोलतील.

ओंकारच्या आईने, वैशालीवहिनींनी, मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या साबुदाणा वडे तळत होत्या. "ताई, कसं चाललंय? पोरगं गप्प का?"

"तुम्हीच गप्प बसवलंय त्याला."

"अहो, उलट बोलला तर? त्याची जीभ तुम्हाला माहीत नाही!"

मी परत आले तेव्हा कोच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की हा बोलतो. नक्की हाच मुलगा ना?"

मी काही सुचवू शकत नव्हते. इव्हॅल्युएशन करणाऱ्याने मुलाला पढवलं, तर पुढच्या वेळी त्याचा रिपोर्ट कोण वाचणार? मी वडा उचलला.

कोचने लॅपटॉप उघडला आणि तो सुटलेला पास लावला. "इथे काय झालं?"

"सन!" घाटगे साहेब तयारच होते. "ऊन डोळ्यांवर होतं. आणि खरं सांगू का, क्वार्टरबॅकने पास जरा जोरात फेकला."

कोचने मान हलवली. चेहऱ्यावरून त्याचा निम्मा निर्णय झाल्यासारखा वाटला. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात सोफ्याच्या टोकावरून आवाज आला.

"सॉरी बाबा, बट द सन वॉज बिहाइंड मी." ओंकारने मान वर केली होती. "पासही परफेक्ट होता. चेंडू हातात यायच्या आधीच मी पुढे कुठे पळायचं ते बघितलं. माझी चूक."

घाटगे साहेब लाल झाले आणि सरळ मराठीवर आले. "अरं लेका, पाहुण्यांसमोर बापाला खोटं पाडतोस व्हय?"

कोचने मला विचारलं, काय म्हणतायत?

"म्हणतायत, मुलगा खरं बोलतोय," मी म्हटलं. हेच त्या दिवशीचं माझं एकमेव भाषांतर, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

"त्याच्या पुढच्या चालीत काय केलंस?" कोचने विचारलं.

ओंकार उठला. टीपॉय सरकवला, चहाचे कप गालिच्यावर मांडले. "हे दोघं डिफेंडर. पास सुटला तरी ते मलाच घाबरत होते. मी क्वार्टरबॅकला सांगितलं, दोघंही माझ्या मागे येतायत, मधे जागा रिकामी आहे. मी लांब पळतो, तू मधल्या रिसीव्हरला दे." त्याने बशी सरकवली. कोच गुडघ्यांवर बसला. "आणि डिफेंडर एकच आला असता तर?" मग दोघांचं जे सुरू झालं, त्यात आम्ही कुणी नव्हतोच.

घाटगे साहेब वाकून बघत होते. राग कुठल्या कुठे गेला होता. मुलाला प्रत्येक प्रॅक्टिसला सोडायला-आणायला जाणारा हा माणूस खेळ मात्र पहिल्यांदाच समजून घेत होता.

"म्हणजे चेंडू तुझ्याकडे येणार नाही हे माहीत असून तू पळालास?"

"हो बाबा. त्या दोघांना लांब न्यायचं होतं."

"आणि मी म्हणत होतो, पोरगं रिकामंच पळतंय."

जाताना गाडीत कोच म्हणाला, "हात चांगले असलेले रिसीव्हर खूप मिळतात. पास सुटला की ऊन, वारा, क्वार्टरबॅक, सगळ्यांचा दोष असतो. याने सोपं कारण समोर असून घेतलं नाही. तेही वडिलांसमोर."

ऑफर आली, पण अटीसह: पहिलं वर्ष बाकावर. कोचने फोनवर ओंकारला विचारलं, चालेल? त्याने श्वास घ्यायच्या आत हो म्हटलं. वहिनी रडल्या. घाटगे साहेबांनी लगेच मला फोन लावला.

"मॅडम, वर्षभर नुसतं बसवणार म्हणे. ही आनंदाची बातमी हाय का?"

"आहे साहेब."

"मग खलास! संध्याकाळी जेवायला या."

पालक हल्लीही हायलाइट टेप पाठवतात, ढोलासकट. मी त्यांना सांगते, एक सुटलेला पासही पाठवा. आणि तो का सुटला, हे ज्याच्या हातातून सुटला त्यालाच सांगू द्या.