डांबराचं सुतक

आमच्या थोरल्या साडूंइतका डांबराचा द्वेष या भूतलावर दुसऱ्या कोणी केला असेल, तर तो माणूस मला दाखवा. मी त्याला फेटा बांधून हत्तीवरून मिरवीन. बाकीची माणसं सापाला भितात, सासूला भितात, फार तर शेजाऱ्याला. आमचे साडू नुसता डांबराचा वास आला तरी धोतरात विंचू शिरल्यासारखे उभे राहत. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोच्या अक्काचे यजमान. कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे. सहा दिवस भट्टीचा रस, हातोड्यांचे घाव आणि धुराडी. सातव्या दिवशी त्यांना परमेश्वराकडे एवढंच मागायचं असे: तांबड्या मुरमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना डोंगर, बुडाखाली सायकल, आणि मैलोन् मैल एकही गाडी नको.

सायकल डबल दांडीची, काळी, बैलाएवढी जड. तिचे मडगार्ड त्यांनी स्वतः काढून टाकले होते, कारण तांबडी माती त्यात अडकून बसते. घंटीही काढली होती. "वाजवायची कुणासाठी? पाखरांसाठी व्हय?" असं विचारत. अशा थोर वाहनाला शहरातल्या डांबरावरून चालवणं हे पाप, म्हणून दर रविवारी पहाटे ते तिला एस.टी.च्या टपावर चढवत आणि राधानगरीच्या बाजूला कुठल्यातरी फाट्यावर उतरवून घेत. मग मुरूम सुरू. वाटेत चुकून एखादी जीप आलीच, तर हे खाली उतरत आणि सासऱ्यांसमोर नव्या सुनेनं उभं राहावं तसे तिच्याकडे पाठ करून, करवंदीच्या जाळीत तोंड खुपसून, धुरळा बसेपर्यंत उभे राहत. "आणि गवा आडवा आला तर?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "येऊ दे की. त्याला सायलेन्सर हाय का?"

माझ्या मेहुण्याचं लग्न गडहिंग्लजला होतं. सगळं वऱ्हाड टेम्पोनं गेलं. साडू म्हणाले, "तुम्ही व्हा फुडं, मी मधल्या वाटेनं येतो." डांबर चुकवत चुकवत ते पोचले तेव्हा अक्षता पडल्या होत्या, पंगती उठल्या होत्या आणि मांडववाले खांब उपटत होते. पायापासून भुवयांपर्यंत तांबडे झालेले साडू नवरीच्या बापापुढं उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "पावणं, तुमच्याकडचा रस्ता झकास हाय." अक्का तीन आठवडे बोलली नाही. त्यातले दोन आठवडे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मलाही त्यांनी एकदा "जरा फिरून येऊ" म्हणून नेलं होतं. त्या 'जरा'तल्या प्रत्येक खडीची खूण माझ्या अंगावर अजून आहे. चढावर मी सायकल ढकलत होतो, उतारावर सायकल मला ढकलत होती, आणि हे पुढून हसत ओरडत होते, "ऐकलासा का पावणं? कायबी ऐकू येत न्हाय!" खरोखरच काही ऐकू येत नव्हतं, मुरमावर चाकाची चरचर सोडून. पण मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला मिळालं. फौंड्रीतला तो काळाठिक्कर, कातावलेला माणूस तिथं देवळातून बाहेर आल्यासारखा दिसत होता.

आणि मग त्यांच्या सुखाला दृष्ट लागली. एकेका वाडीला डांबर पोचायला लागलं. साडूंच्या घरी दाराच्या मागं जिल्ह्याचा नकाशा चिकटवलेला असे. मुरमाचे रस्ते तांबड्या पेन्सिलीनं रंगवलेले. त्यातला एखादा रस्ता डांबरी झाला की ते चुलीतल्या कोळशानं तो काळा करत, अंघोळ करत आणि तीन दिवस गोड खात नसत. एका संक्रांतीला माझ्या बायकोनं त्यांच्यापुढं गुळाची पोळी वाढली, तर त्यांनी ताट मागं सारलं. "सुतक हाय." बायको घाबरली. अक्का थंडपणे म्हणाली, "घाबरू नगंस. त्यांचा आणि एक रस्ता मेलाय." दरवर्षी तो नकाशा काळा होत गेला. साडू त्याच्यापुढं बसून राहत. "संपत आलं पावणं," म्हणत. "कुठं जायाचं आता माणसानं?" मला हसू आवरत नसे, आणि नंतर नंतर ते येईनासंच झालं.

शेवटी नकाशावर एकच तांबडा दोरा उरला. फाट्यापासून डोंगरावरच्या एका वाडीपर्यंत जाणारा, वळणावळणाचा, पाच-सहा किलोमीटरचा. चार वर्षं दर रविवारी साडू तिथंच जात. वाडीतली एक म्हातारी त्यांना तांब्याभर दूध देई. पाचव्या वर्षी थंडीत मला म्हणाले, "चला पावणं, हाय तोवर बघून घ्या." मी पाठीला तेल लावून निघालो.

आता एक सांगायला हवं. साच्याची वाळू चांगली की वाईट हे मोल्डर हातानं ओळखतो. मूठभर वाळू दाबून तिचा मुटका करायचा, दोन बोटांत धरून मधोमध मोडायचा, तुटलेली कड बघायची. ही खोड साडूंच्या हाताला इतकी लागली होती की प्रत्येक वळणावर उतरून ते मूठभर मुरूम उचलत, दाबत, मोडत, हुंगत, मान डोलवत आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत. निव्वळ प्रेम हो! पण हे प्रेम वाडीतली माणसं चार वर्षं बांधावरून बघत होती.

आम्ही फाट्यावर उतरलो, तर हलगी वाजत होती. मांडव होता, गुलाल होता, खडीचे ढीग होते आणि डांबराची पिंपं रांगेनं उभी होती. साडूंचा चेहरा पिंपांसारखाच झाला. तेवढ्यात सरपंच धावत आले, "आलं, आलं! माती तपासणारं सायेब आलं!" आणि कुणी काही बोलायच्या आत साडूंच्या डोक्यावर फेटा चढला.

"ओ, मी सायेब न्हाय," साडू कळवळून म्हणाले. "मी फौंड्रीत असतो!"

"बघा, सायेब असून किती साधं!" सरपंच लोकांना म्हणाले. "मंडळी, मी कचेरीत जाऊन भांडलो. म्हटलं, तुमचं सायेब चार वर्षं दर रविवारी सुट्टी मोडून आमची माती तपासत्यात, वहीत लिवत्यात, आणि तुम्ही म्हणताय आमच्याकडं कागदच न्हाय? तवा कुठं हालली कचेरी!"

म्हणजे हा रस्ता साडूंनीच मारला होता. स्वतःच्या मुठीनं. मी हसावं की रडावं या विचारात होतो, तेवढ्यात एक म्हातारी पुढं आली. दर रविवारी साडूंना तांब्याभर दूध देणारी ती हीच. तिनं त्यांचे दोन्ही गाल धरले.

"गेल्या पावसाळ्यात सुनंला झोळीत घालून खाली आणलं बघ. दुसऱ्या वळणावर बाळंत झाली. पोरगं न्हाय ऱ्हायलं." मग तिनं साडूंचा उजवा हात उचलून कपाळाला लावला. "आता गाडी दारात यील. ह्या हाताचं भलं हुईल लेकरा. फोड नारळ."

साडूंनी माझ्याकडे बघितलं. असं बघणं मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही. मग त्यांनी नारळ घेतला आणि पहिल्या पिंपापुढच्या दगडावर एकाच घावात फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हलगी घुमली.

परतीच्या एस.टी.त ते फेटा मांडीवर घेऊन बसले होते. त्याच्यावरचा गुलाल झटकत म्हणाले, "चार वर्षं तिचं दूध प्यालो पावणं. घरात कोण कोण हाय, एवढंबी इचारलं न्हाय."

त्या रात्री त्यांनी नकाशा काळा केला, असं अक्का सांगते. अंघोळही केली. मात्र तिनं न मागता वाढलेला गुळाचा शिरा निमूटपणे खाल्ला.

मला वाटलं, आता सायकल माळ्यावर जाणार. पण साडू त्याच वाडीला जात राहिले. डांबरी रस्त्याच्या कडेला मुरमाची हातभर साईडपट्टी सोडलेली असते ना, तिच्यावरून, तोल सांभाळत, तारेवरच्या डोंबाऱ्यासारखे. आता त्या रस्त्यावर वडापच्या, म्हणजे माणसं भरभरून नेणाऱ्या, जीपगाड्या धावतात. गाडी आली की साडू अजूनही उतरतात, अजूनही पट्टीवरचा धुरळा बसेपर्यंत थांबतात. फक्त आता पाठ फिरवत नाहीत. कपाळावर हात धरून, मान उंच करून, आत कोण बसलंय ते बघतात.