मास्तर त्या दिवशी गप्प राहिले

"आणि ह्याला कोण खातं?"

मुलं नाकतोडा दाखवोत की बेडूक, आमच्या मास्तरांचा प्रश्न ठरलेला. उत्तर आलं की लगेच पुढचा, "बरं, आणि त्याला?" असं करत ते वर्गाला गवताच्या पात्यापासून आभाळातल्या घारीपर्यंत घेऊन जात.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत उंब्रजजवळच्या एका गावात आम्ही दोघं शिक्षक होतो. दोन वर्गांच्या मध्ये नुसता कुडाचा आडोसा. त्यामुळं त्यांचे धडे मलाही पाठ झाले होते.

त्यांचा एक खेळ तुम्ही पाहायला हवा होता. मैदानात काही पोरं ज्वारी व्हायची, काही उंदीर, एखादं पोर धामण. मास्तरांची लेक मात्र घारच व्हायची, हात पसरून पळायला मिळतं म्हणून. मध्येच मास्तर धामणीला खाली बसवत. "ही मेली. आता बघा." मग ते उंदरांची संख्या वाढवत नेत. बघता बघता मैदानभर उंदीर, आणि ज्वारी कोपऱ्यात उरलेली. "शिवार तेवढंच, दाणा तेवढाच. आता हे खाणार काय?" शेवटी उंदीरही उपाशी मरत. मरताना पोरं अशी सोंगं करायची की मास्तर पोट धरून हसायचे.

एके सकाळी चुलीसाठी शेणी आणायला गेलेल्या त्यांच्या लेकीला नाग चावला. बैलगाडीतून कराडला नेताना वाटेतच ती गेली.

मास्तरांवर गावाचा फार जीव. पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, त्यांनी तरणी पोरं गोळा केली. बांध उकरले, बिळांत धूर केला. संध्याकाळी मास्तरांच्या दारात मेलेल्या सापांची रांग लागली. नाग एखाद-दुसरा, बाकी सगळ्या बिनविषारी धामणी.

"मास्तर," सुभेदार म्हणाले, "तुमच्या पोरीसाठी केलं. उद्या वरचं शिवार धरतो. एक बी जनावर ठेवत न्हाई."

सुभेदारांचे डोळे भरले होते. मास्तरांचे ओठ हलले. मला वाटलं, आता ते सांगतील. तेवढ्यात दारामागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "एकही ठेवू नका, दादा." मास्तरांनी हात जोडले आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी वरचं शिवार झालं. मग ओढ्याकाठ.

त्यानंतर तो खेळ बंद झाला. मास्तर धडा पुस्तकातून वाचून दाखवत आणि पाठ करायला सांगत.

पुढच्या सुगीत शिवारात पाय ठेवीन तिथं उंदरांची बिळं. भुईमूग जमिनीतच फस्त झाला, ज्वारीची कणसं उभ्या ताटांवरच कुरतडली गेली. लढाईमुळं दाणा आधीच मिळत नव्हता. त्या वर्षी गावानं लय हाल सोसले. सुभेदार शाळेत आले.

"मास्तर, उंदरावर काय औषध हाय का?"

"होतं, सुभेदार. आपण मारून टाकलं." मग खाली बघत त्यांनी धामणींचं सगळं सांगितलं.

"आवं मास्तर, मग तवाच सांगायचं न्हाई का?"

रागानं नव्हे, दुःखानं म्हणाले ते. पण मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं. वर्षाच्या आत नोकरी सोडून ते सांगलीला गेले आणि हळदीच्या पेठेत हिशेब लिहू लागले. मी भेटायला गेलो की पेठेतलं बोलत. शाळेचं कधी काढत नसत.

लढाई संपल्यावर काही वर्षांनी ते वारले. मी सांगलीला गेलो तेव्हा वहिनी एकट्याच होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे होते तेव्हा एकदा परसात धामण निघाली. मी शेजाऱ्यांना काठी घेऊन बोलावणार, तर हे दारात आडवे झाले. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. धामण निघून गेली. मग पायरीवर बसून किती वेळ रडले. म्हणाले, हे तेव्हा करायला हवं होतं."

त्यांनी माझ्यापुढं चहाचा कप सरकवला.

"तेव्हा बोलले असते, तर मी पुन्हा त्यांचं तोंड पाहिलं नसतं. माझ्यासाठीच गप्प बसले ते. हे मला तेव्हापासून ठाऊक होतं, भाऊजी. पण तसं एकदा त्यांना सांगावं, हे काही मला सुचलं नाही."