मेलकावेरीचा झोपाळा आणि माझी घासाघीस

झोपाळा आणायला पुण्याहून कुंभकोणमला जाणारा माणूस शहाणा नसतो, हे बायकोने निघतानाच सांगून टाकलं. चेन्नईच्या मित्राकडून कळलं होतं, की मेलकावेरी भागातलं एक मराठी जोडपं मुलाकडे चेन्नईला राहायला जातंय आणि सागवानी झोपाळा विकायचाय. मुलाच्या फ्लॅटमध्ये तो टांगायला जागा नाही. आमच्याकडे आहे, असं मी गृहीत धरलं.

जाणार असाल तर चेन्नईहून रात्रीची गाडी सोयीची. स्टेशनाबाहेर मी रिक्षावाल्याशी वीस रुपयांसाठी कडाडून भांडलो, जिंकलो आणि त्या विजयाच्या धुंदीत चाळीसची कॉफी प्यायलो. इडलीबरोबर कडप्पा मागा. मूगडाळ-बटाट्याचं ते मऊ कालवण खाल्लं की घाई हा शब्दच विसरायला होतो.

झोपाळ्याचे मालक माधवराव ऐंशीच्या घरातले. तंजावरला मराठे राज्य करत होते तेव्हा त्यांचे पूर्वज इकडे आले. भाषा तिथेच थांबली, वर तमिळचा हेल चढला. "बसावें," ते म्हणाले. "प्रवासांत श्रम जाले काय?"

श्रम विसरून मी कामाला लागलो. त्यांनी वीस हजार सांगितले. मी पुणेरी पद्धतीने खोट काढली, "फळीला चीर आहे."

"मग बावीस."

"पितळी साखळ्या काळवंडल्यात, काका."

"चोवीस."

आतून त्यांच्या पत्नी सीताबाई हसल्या. "त्यांच्या लेकीस नांवें ठेवतां, वर हुंडा मागतां!"

फुरंगटून मी बसने पट्टीश्वरम् गाठलं. देवळाची सावली, पलीकडे हिरवीगार भातशेती. मधून एखादा बगळा उडायचा आणि पुन्हा त्याच जागी उतरायचा. माझाही तोच धंदा चालू होता. दुपारी परत मेलकावेरीला.

सीताबाईंनी केळीच्या पानावर जेवायला वाढलं. नंतर मी त्याच झोपाळ्यावर टेकलो. नदीकडून वारा येत होता, साखळी कुरकुरत होती, छत जवळ येई, लांब जाई. मी पुण्यात होतो, की तंजावरला निघालेल्या कुणा मूळपुरुषाच्या घोड्यावर, कळेना. घोडा संथ चालला होता. डोळे उघडले तर माधवराव कडेला बसून हलके झोके देत होते.

"पंधरा," ते म्हणाले.

मी ताडकन उठलो. नऊ हजार उतरवतात म्हणजे काहीतरी गोम आहे! फळी वाकून वाकून ठोकून पाहिली.

"वाढविलें तेव्हां हवा होता," सीताबाई म्हणाल्या. "उतरविलें तर कीड शोधतां?"

माधवरावांची अट एकच. "भिंतीस टेकवूं नका. हालता राहावा." मी शब्द दिला. वाहतूकवाल्याने सात हजार मागितले, तेही दिले. रिक्षाच्या वीस रुपयांवर भांडणारा कुणी दुसराच असावा.

पुण्यात सोसायटीच्या इंजिनिअरने छत पाहून मान हलवली. हुक अजिबात मारायचा नाही. तेव्हा फळी दोन स्टुलांवर ठेवून बाक केला. गंमत म्हणजे त्यावर बसणारा प्रत्येक जण पायाने जमिनीला हलकासा रेटा द्यायचा. बाक अर्थातच हलायचा नाही.

महिन्याभराने माधवरावांचा चेन्नईहून फोन आला. "हालतो कीं?"

"हो काका, मस्त!"

"साखळी ऐकवा. इकडे दुपारीं निद्रा नाहीं."

साखळ्या गोणपाटात होत्या. "रविवारी ऐकवतो," म्हटलं आणि तडक सुताराकडे गेलो. झोपाळा टांगायच्या लाकडी चौकटीचे त्याने अठरा हजार सांगितले. लाकडाला चीर होती. मी तोंड उघडलं नाही.

रविवारी दुपारी बायको झोपाळ्यावर बसली. मी फोन साखळीजवळ धरला. कुर्र, कुर्र. पलीकडून बराच वेळ काहीच नाही. लाइन गेली वाटून मी फोन बंद करणार, तोच सीताबाई कुजबुजल्या, "ठेवूं नका. झोंप लागली त्यांस."